हजेरीचा चिंचोका

टण्! छकुलीचा शाळेचा फ्रॉक झटकताना खिशातून काहीतरी परातीत पडलं. सोमवारपासून मुक्या झालेल्या त्या घरात तेवढाही आवाज केवढा तरी मोठा वाटला. योगिनीनं वाकून पाहिलं. चिंचोका.

पहिलीतली छकुली घरी अखंड बडबडायची, पण शाळेचं फाटक ओलांडलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. हा हट्ट नाही, भीती आहे, असं करिष्मा मॅडमनी योगिनीला समजावलं होतं. "बोल बोल म्हणून मागे लागू नका. आवाज तिचा आहे. ती देईल तेव्हा घेऊ." बाकीची पोरं 'हजर' म्हणत, छकुली टेबलावरच्या वाटीत चिंचोका टाकायची. तीच तिची हजेरी. दिवाळीनंतर तर चिंचोका टाकताना तिचे ओठही हलायला लागले होते.

तेवढ्यात रविवारी गिरणीवर बेबीताईनं सगळ्यांदेखत विचारलं, "काऊन वं योगिनी, तुई पोरगी मुकी हाय म्हन्तेत? माहा ऋत्विक सांगे."

"मुकी कायची! घरी ये आयकाले, कान किटतीन तुये."

"हाव, आमचा टीव्ही बी असाच हाय. पाहुने आले का बंद पडते!"

बाया फिदीफिदी हसल्या. ते हसू योगिनीनं दळणासोबत घरी आणलं. गोठ्यात छकुली बकरीच्या पिल्लाला कुशीत घेऊन सांगत होती, "भेऊ नको वं. मी हाओ ना तुयापाशी." योगिनीनं दाराआडून मोबाईल धरला. अन् ते रेकॉर्डिंग पाठवलं कुठं, तर पहिलीच्या पालकांच्या ग्रुपवर. वर लिहिलं, 'घ्या, आयका मुकीले.'

सोमवारी पोरं फाटकातच उभी होती. "भेऊ नको वं, मी हाओ ना!" ऋत्विक सूर लावायचा, बाकीचे त्याच्यामागे. मॅडमनी धावत येऊन त्यांना दटावलं, छकुलीला पोटाशी धरलं. पण जायचं ते गेलं होतं. तेव्हापासून पोरगी घरीही बोलेना. गीताबाई आजीनं गूळ-शेंगदाणे पुढे केले, पिल्लू मांडीवर आणून ठेवलं. छकुली त्याला नुसती कुरवाळत राहिली. मोबाईल दिसला की ओठ दातांत घट्ट धरायची.

ग्रुपवरून योगिनीनं ते केव्हाच पुसलं होतं. पोरांच्या तोंडातून कसं पुसणार? आणि आज तर चिंचोकाही वाटीत न पडता खिशातूनच परत आला होता.

तिनं मोबाईल बंद केला, पिठाच्या डब्यात टाकला, झाकण दाबलं अन् भिंतीला टेकून बसली. छकुली डब्याकडे बघत उभी राहिली. मग हळूच आली, आईच्या मांडीत शिरली, परातीतला चिंचोका उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

"आई, माहा आवाज तू त्याइले काऊन देल्ला?"