फुलीची बाजू

पिल्लं निघायचा दिवस आला आणि गेला. दुसराही गेला. उबवणीच्या पेटीत अंडी होती तशीच पडून होती, एकालाही साधी चीर नाही. जुमाकादिर तिच्यासमोर स्टुलावर बसला होता आणि त्याची थोरली बहीण झूरा मागे उभी राहून तोंडाचा पट्टा चालवत होती.

"कितीदा सांगितलं केलिनला, झाकण उघडू नकोस गं, उघडू नकोस. पण नाही! हिला उठता बसता डोकवायला हवं. सगळी वाफ गेली. कवचातच वाळून मेली असतील बिचारी."

केलिन म्हणजे सून, एलनुरा; सासऱ्याला ती अताके म्हणायची, सासूला एने. ती मोरीपाशी पाठ करून भांडी घासत होती. पोट चांगलंच दिसू लागलं होतं, नवरा मॉस्कोत, सासू मातीत. सासरच्या थोरल्यांना उलटून बोलायचं नसतं, म्हणून ती बोलली नाही. झूराला तेवढंच हवं होतं.

ही अंडी लावली होती जुमाकादिरच्या बायकोनं, उमसुनायनं. हिवाळ्यात कोल्ह्यानं खुराडं साफ केलं, दोन कोंबड्या आणि एक कोंबडा तेवढा वाचला. त्यांची अंडी जमवून तिनं बाजारातून ही पेटी आणली. जुमाकादिर तिला हसला होता.

"कोंबडी बसेल की अंड्यांवर. फुकटात!"

"कोंबडी तुमच्यासारखी आहे. घरात बसतच नाही."

पेन्सिलीनं तिनं प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. "कोंबडी पायानं फिरवते, मी हातानं फिरवीन," म्हणाली. मग सुनेला माहेरी धाडलं. "जा गं चार दिवस, बाळ झाल्यावर कुठलं जमतंय! मी आहे की." आणि जुमाकादिर वर डोंगरात गेला, कारण मेंढ्या वीत होत्या.

माणूस वाईट नव्हता. पण मेंढ्या व्यायला लागल्या की त्याला दुसरं काही सुचत नसे. थंडीनं आखडलेलं कोकरू तो कोटाच्या आत, उघड्या छातीशी धरून तासन् तास बसे. संध्याकाळी मात्र न चुकता घोडा काढून टेकाडावर जायचा, कारण फोन तिथंच लागायचा.

"कशी आहेस?"

"बरी आहे. अंडी फिरवली. तुमच्या मेंढ्यांचं सांगा."

आणि तो सांगत सुटायचा.

मग एके संध्याकाळी तो टेकाडावर पोचला तर सुनेचाच फोन आला. ती माहेराहून परतली तर सासू अंथरुणात, अंग गार. डॉक्टर म्हणाला, हृदय. अंगणात राखाडी लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला, उमसुनायला त्यात ठेवलं, आणि जुमाकादिर काठीवर रेलून दाराशी रीतीप्रमाणे मोठ्यानं रडला. रीत होती म्हणून आवाज निघाला. आतून तो कोरडाच होता, अजून त्याला काही कळलंच नव्हतं.

तीन दिवस घरात चूल पेटली नाही, जेवण शेजारून आलं. फक्त पेटी चालू होती. झूरा म्हणाली, "मयताच्या घरात हे यंत्र घरघरतंय, शोभतं का?" तो म्हणाला, "घरघरू दे." तेव्हापासून अंडी एलनुरा फिरवत होती, डोळ्यांत तेल घालून. जुमाकादिरही डोंगरात परत गेला नव्हता. मेंढ्या शेजाऱ्याच्या गळ्यात घातलेल्या, त्याचे निरोपावर निरोप येत होते. बायकोच्या हातचं उरलेलं हे एवढं उजेडात आलेलं पाहावं आणि मग जावं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आज शेवटी घोड्यावर खोगीर चढवलं होतं.

"एवढी एकच गोष्ट होती तिच्या हातची," तो सुनेला म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. "तुला तीही सांभाळता आली नाही."

एलनुराच्या हातातली थाळी मोरीत पडली. ती बाहेर निघून गेली.

तेवढ्यात तोक्तोबुबू आली. पलीकडच्या घरातली ही बाई दर वसंतात पिल्लं काढून विकायची, उमसुनाय तिच्याकडूनच शिकली होती. आज गुरुवार, मेलेल्यांच्या नावानं तेलाचा वास काढायचा दिवस, म्हणून ती बोरसोकांचं, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचं, ताट घेऊन आली होती. झूरानं तिला साक्षीलाच धरलं.

"तूच सांग बाई, झाकण उघडल्यानं मेली की नाही?"

"मला काय स्वप्न पडतं? फोडून बघू या."

तिनं परात घेतली आणि पहिलं अंडं फोडलं. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसांसकट, मेलेलं. सगळं अंग चिकट ओलं.

"वाळलेलं कुठंय? वाफ गेली असती तर आतलं कातडं कागदासारखं आवळून बसलं असतं. इथं तर पांढरा बलक तसाच उरलाय. त्यातच गुदमरलं."

दुसरं फोडलं. त्यातला जीव बोटाच्या पेराएवढा, कवचाला आतून चिकटलेला. तोक्तोबुबूनं कवच उलटून पाहिलं. वर पेन्सिलीची फुली. तिसऱ्यातही तसंच, फुलीच्याच खाली. तिचा हात थांबला.

"काय झालं?" जुमाकादिरनं विचारलं.

"ही पहिल्या आठवड्यात फिरवलीच नाहीत कुणी. सुरुवातीला जीव वरच्या बाजूला तरंगत येतो. अंडं फिरवलं नाही की तिथंच चिकटतो. जी तगतात तीही नीट वाढत नाहीत, मग नंतर कितीही फिरवा."

"पहिल्या आठवड्यात तर उमसुनायच..." झूरानं पेटीकडे पाहिलं.

जुमाकादिर उठून दारात गेला. एलनुरा घोड्याजवळ उभी राहून डोळे पुसत होती.

"तू माहेराहून आलीस तेव्हा अंडी कशी होती गं?"

"सगळ्यांची फुली वर होती, अताके. मला वाटलं, एनेंनी नुकतीच फिरवली असतील."

"आणि पेटीतलं वाफेचं पाणी?"

"आटलं होतं. चुलीतली राखही गार होती, आणि उशाशी पाव होता, तसाच, कडक झालेला. एने बरेच दिवस उठल्या नसाव्यात."

"हे बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही मला."

अंथरुणापासून पेटीपर्यंत पाच-सहा पावलं. तेवढीही तिला झेपली नव्हती. आणि रोज संध्याकाळी, अंडी फिरवली, तुमच्या मेंढ्यांचं सांगा! एकदा तिचा आवाज अगदीच खोल गेला होता. त्यानं विचारलं, तर म्हणाली, घसा बसलाय. चहात लोणी घालून पी, असं सांगून तो जुळ्या कोकरांचं कौतुक सांगायला लागला होता.

खरं सांगितलं असतं तर आपण निघालो असतो का? असतो, असं त्याला छातीठोकपणे म्हणता येईना. तिलाही ते ठाऊक असणार. तो उंबऱ्यावर बसला.

झूराला गहिवरून आलं. तिनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "नको रे मनाला लावून घेऊस. मेंढ्या तरी राखल्यास तू. यंदा तुझं एकही कोकरू दगावलं नाही, सगळा गाव सांगतोय."

तेव्हा जुमाकादिर रडला. तंबू नव्हता, काठी नव्हती, ऐकायला माणसं जमली नव्हती. गुडघ्यांत तोंड घालून तो रडत राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं. एलनुरा अजून तिथंच होती, घोड्याला टेकून. तिच्या रबरी जोड्यांतून पायांचं मांस वर आलं होतं. हे त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं.

"पोरी, मघाशी चुकलो मी. बरी आहेस ना?"

"बरी आहे, अताके," ती चटकन म्हणाली. "तुम्ही निघा. मेंढ्या खोळंबल्या असतील."

तो तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिला. मग उठला, घोड्याजवळ गेला आणि खोगिराचा पट्टा सोडू लागला.