आरशातला शत्रू

मी एक म्हातारा, भांडखोर मासा आहे. मित्रांनो, 'भांडखोर' हा शब्द माझा नव्हे. तो मला चिकटवण्यात आला. मी तो पुसायला आलेलो नाही. तो कसा चिकटला, तेवढे ऐका.

सिमेंटच्या उथळ हौदात, असंख्य भावंडांच्या गर्दीत मी वाढलो. पुढे माशांच्या दुकानात एका न्हाव्याने माझ्या अंगावरचे निळे पट्टे पाहिले आणि मला घरी आणले. "काय ऐट आहे बघ पैलवानाची!" तो बायकोला म्हणाला. काचेच्या पेटीतल्या कोपऱ्यातला काळा दगड मी माझा मानला. पेटीत आधीपासून राहणाऱ्या शेंदरी माशांना पलीकडचे गवत पुरत असे. आमचे बरे चालले होते.

मग न्हाव्याने सलूनमधला जुना आरसा घरी आणला. आरसा लावला की चिंचोळे दुकानही ऐसपैस दिसते, हे त्याच्या धंद्यातले शहाणपण. त्याने तो पेटीच्या मागे, आमच्याकडे तोंड करून बसवला. पेटी दुप्पट दिसू लागली. पाहुणे वाहवा करू लागले.

आणि माझ्या दगडापाशी एक परका मासा येऊन उभा राहिला.

मी पंख ताठ केले, त्यानेही केले. मी धडक दिली, त्यानेही दिली. कोणताही मासा कधीतरी पाठ फिरवतोच, हा फिरवीना. माझे ओठ सोलवटले. त्या संतापात जो जवळून गेला, त्याची शेपटी फाटली. होय, मीच फाडली. पण घर सोडून पळणे माझ्या रक्तात नाही.

"पैलवान कसला, गुंड आहे गुंड!" न्हावी कडाडला. "आत्ताच्या आत्ता दुकानदाराला परत देतो."

"बाबा, ते त्याला एवढ्याशा बरणीत एकट्याला ठेवतील हो," मुलगी रडवेली झाली.

"ठेवू देत!"

जाळी पाण्यात उतरली. मी तिच्याकडे पाहिलेही नाही. मागच्या काचेवर धडका देतच राहिलो.

न्हाव्याची बायको वाकली. "अहो, थांबा. जाळी डोक्यावर आली तरी हा हलत नाही. कुणाशी भांडतोय, बघा तरी!"

न्हाव्याने पाहिले. आरशात मी होतो. आणि माझ्या मागे, रागाने लाल झालेला त्याचा स्वतःचा चेहरा.

"दिवसभर गिऱ्हाइकांना आरसा दाखवता," ती म्हणाली, "घरचा मासा तेवढा राहिला होता!"

जाळी रिकामीच पाण्याबाहेर गेली. आरसा निघाला. मुलीने दगडांच्या जागा बदलल्या, फुटकी कुंडी आडवी ठेवली आणि मधोमध उंच गवत लावले, म्हणजे शेंदरी मासे उठसूट माझ्या नजरेस पडू नयेत. त्यांच्या फाटक्या शेपट्या हळूहळू भरून आल्या.

मात्र मी सुधारलो, असे कुणी म्हणू नये. कुंडी माझी आहे. मित्रांनो, आम्हांला जागा द्या, आडोसा द्या. आणि रागीट ठरवण्याआधी आमच्यासमोर काय उभे केले आहे, ते आमच्या उंचीवर वाकून पाहा.

आता माझे पट्टे फिकटले आहेत, एक डोळा अधू झाला आहे. तरीही काचेवर कुणी बोट टेकवले, की माझे पंख ताठ होतात. ते बोट मागे जाईपर्यंत मी हलत नाही.