मुक्या माळ्याचा आठवा भाग

भूल दिलेला माणूस हा जगातला सर्वोत्तम श्रोता, असं दातांच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. घरी त्यांनी ‘एक झकास रहस्यपट सांगतो’ म्हटलं की मुलं आपण होऊन अभ्यासाला बसत. खुर्चीतला पेशंट मात्र जाणार कुठे? तोंडात कापूस आणि डोक्यावर दिवा.

डॉक्टरांचा जीव फक्त आपटलेल्या गोष्टींवर. चाललेला सिनेमा त्यांना बघवत नसे. त्या दिवशी किडकी दाढ घेऊन एक सडपातळ काका आले होते. त्यांचा जबडा बधिर होईतो डॉक्टरांनी एक सिनेमा सांगितला, जो अख्खा लिफ्टमध्ये घडतो, कारण निर्मात्याकडे लिफ्टच होती. दुसऱ्यात पळणारी आणि पाठलाग करणारी गाडी एकच, नंबरप्लेट तेवढी वेगळी. दोन्ही चुकवू नका, असं बजावून त्यांनी मोर्चा मालिकेकडे वळवला.

ती मालिका म्हणजे त्यांच्या जिवाला लागलेली टोचणी. एका घड्याळजीचा खून होतो, संशय साऱ्या घरादारावर, आणि सातव्या भागानंतर चॅनेलने गाशा गुंडाळला. खुनी कोण, देव जाणे. डॉक्टर म्हणत, विधवा. काउंटर सांभाळणारी त्यांची बायको म्हणे, मुका माळी. तोंडातून शब्द न काढणारा माणूस खून कसा करेल, असं ते विचारत. बोलणारे तरी कुठे काही करतात, असं ती विचारी. इतकी वर्षं झाली, माघार कोणीच घेतली नव्हती.

तरी माळ्याचं काम फक्कड होतं, डॉक्टर सांगत होते, नुसत्या दातांनी अभिनय, वरचा सुळा असा शेजारच्या दातावर चढलेला... आणि त्यांचा हात थबकला. सुळा समोरच होता. शेजारच्या दातावर चढलेला. काकांचे खांदे मघापासून हलत होते, ते दुखण्याने नव्हेच.

“काका, खुनी कोण?”

“घ्वॉ,” काका म्हणाले.

डॉक्टरांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या इंजेक्शनला शिव्या घातल्या. बायको धावत आली, प्रकार कळताच बाहेर ताटकळलेल्या पेशंटना केस नाजूक असल्याचं सांगून आली आणि स्टूल ओढून बसली. दाढ उरकली. डॉक्टरांनी कागद पुढे केला, तो काकांनी बाजूला सारला. नुसती मान हलवा म्हटलं, तर बोटाने ओठ दाखवला. सांगणार ते बोलूनच. मग नवराबायको, दूध उतू जायची वाट बघावी तसे, त्या ओठाकडे बघत बसले.

शेवटी ओठ हलला. “आठव्या भागात मला वाचा फुटणार होती,” काका म्हणाले. “एकच वाक्य. पाठ करून बसलो आणि मालिका बंद. म्हणून दाखवणार कुणाला? बघणाराच भेटला नाही.”

डॉक्टरांनी खुर्चीवरचा दिवा त्यांच्या चेहऱ्यावर फिरवला. काका गळ्यातल्या कागदी रुमालासकट उभे राहिले. पायाशी प्रेत असल्यासारखं खाली बघितलं.

“घड्याळजी, तुमची सगळी घड्याळं बरोबर होती. वेळ तेवढी माझ्या हातात होती.”

अर्धी अक्षरं गळाली, थोडी लाळही. बायकोच्या अंगावर काटा आला.

“माळी,” ती शांतपणे म्हणाली.

“बधिर तोंडाची जबानी कोर्टात टिकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “काका, उद्या तपासणीला या. वाक्य पुन्हा म्हणावं लागेल.”

काका लगेच कबूल झाले. बायको ऐकायला थांबलीच नव्हती. बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता, एक झकास मालिका सांगते म्हणून. कोणी उठून गेलं नाही. सगळ्यांच्याच दाढा दुखत होत्या.