दोन बॉडी, एक निवडा

दोन पेट्यांतल्या काळोखांपैकी कोणता घ्यावा, या विचारात जोतिबाने दोन महिने घालवले. थोरल्या भावाने, गुंडाने, पलटणीबरोबर इटलीला जाण्याआधी त्याला एक पितळी भिंग आणून दिले होते. ते बसवायला कॅमेऱ्याची पेटी तेवढी हवी होती. लढाईमुळे नवा माल मिळत नव्हता. वापरलेल्या दोन पेट्या येताच तार करतो, असे मिरजेच्या दुकानदाराने कळवले होते. एक सागवानी, तिवईवर उभी करायची, धंदेवाल्याची. दुसरी घडीची, हातात मावणारी, हौशी माणसाची. दुकानदार त्यांना 'बॉडी' म्हणे. बी.ए. झालेल्या जोतिबाला तो शब्द रुक्ष वाटे, इतकेच. मन घडीच्या पेटीकडे ओढ घेई. कोयनेवरचे धुके विरता विरता धरावे, अशी त्याची आकांक्षा होती.

तार आली तेव्हा तो कऱ्हाडला गेला होता. दुपारी मलकापुरी घरी परतला, तर अंगणात सारी आळी बसलेली. जोतिबाखेरीज इंग्रजी येणारा आळीत एकच, पेन्शनीत निघालेला केरबा हवालदार. आणि ती भाषा तो मागच्या लढाईत, बसऱ्याच्या छावणीत शिकला होता. तिथे 'बॉडी' या शब्दाला एकच अर्थ होता. त्याने तार वाचून सांगितले होते : दोन बॉडी आल्यात, येऊन एक निवडा. गुंडाचे चार महिने पत्र नव्हते. उरलेला अर्थ लोकांनी आपापला लावून घेतला.

बायका गुंडाच्या बायकोच्या, बनुबाईच्या, बांगड्या फोडायला टेकल्या होत्या. तिने दोन्ही मुठी पदराखाली आवळल्या होत्या.

"दोन हाईत म्हंत्यात न्हवं?" ती म्हणत होती. "मग बगितल्याबिगर न्हाई."

जोतिबाला आधी हसू आले आणि ते ओठांवरच वाळले. तो जितके समजावी, तितके लोक त्याच्याकडे अधिक कनवाळूपणे पाहत. केरबाने सुस्कारा सोडला. "शिकल्याली माणसं असाच धीर देत्यात, पोरी."

सकाळच्या गाडीने जोतिबा, बनुबाई आणि केरबा असे तिघे मिरजेला गेले. दुकानदाराने दोन्ही पेट्या टेबलावर मांडल्या. केरबाने त्या वळसा घालून न्याहाळल्या आणि आपल्या पलटणीत असली बॉडी कधी आली नव्हती, असे गंभीरपणे नमूद केले. बनुबाईने घडीच्या पेटीत बोटे घालून पाहिली. सागवानीत कोपरापर्यंत हात घातला. आत बांगड्या किणकिणल्या. रिकामा हात बाहेर काढून ती त्या हाताकडे बघत राहिली, आणि मग कालपासून पहिल्यांदाच खाली बसली.

जोतिबाचा हात घडीच्या पेटीकडे गेला होता.

"भावजी," ती म्हणाली, "माजा फोटू काडून त्यास्नी धाडा. दोनी हात दिसाया पायजेत. हातातलं ठळक यावं."

ठळक येणार ते मोठ्या पेटीच्या काचेवर, हे जोतिबाला दुकानदाराने सांगावे लागले नाही. त्याने सागवानी पेटी घेतली. 'एक बॉडी सुस्थितीत ताब्यात मिळाली' या पावतीवर केरबाने साक्षीदार म्हणून सही केली. छावणीतल्या सवयीने आधी पागोटे उतरवले.

चौथ्या दिवशी, अंगणात, काळ्या कापडाखालून जोतिबाने तिला उलटी पाहिली : पाय आभाळात, हात उजेडात. पाच आकडे मोजेपर्यंत हलू नका, असे त्याने बजावले. ती हलली नाही. डोळेही मिटले नाहीत.

फोटो धुऊन निघाला तेव्हा पदराचा धागा न् धागा उमटला होता. पाठीमागच्या, शेजारी कुंभाराच्या भिंतीवरचा बारीक तडासुद्धा मोजून घ्यावा असा. बांगड्या तेवढ्या पुसट आल्या होत्या. मनगटे थरथरली असावीत.

जोतिबाने तोच फोटो गुंडाच्या पत्त्यावर धाडला.