मुलींचे सामने पुढल्या वर्षी

राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली याचं इथल्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी माणसांना जे दुःख झालं, ते त्यांनी कधी नीट रडून घेतलं नाही. नुसता तोरा मिरवत राहिले. आमचे माधवकाका त्यात सगळ्यांच्या पुढे. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि आंतर-कॉलेज क्रीडा मंडळाचे चिटणीसही होते. या दोन कामांची एकमेकांशी ओळख त्यांनी कधी करून दिली नाही.

मंडळ होतं चार कॉलेजांचं. दर हिवाळ्यात एका गावी सामने भरायचे आणि ज्याच्या गावी सामने, त्यानंच पाहुण्यांचं सगळं करायचं, असा रिवाज होता. हॉटेल-बिटेल काही नाही. मुलं आमच्यासारख्या मराठी घरांत दोघं-तिघं करून उतरायची, लीलाकाकूच्या हातचं जेवायची आणि जाताना तिच्या पाया पडायची. दाल बाजारातले शेठ पीठ-तूप पाठवायचे. चार वर्षांनी पुन्हा पाळी यायची, मधली तीन वर्षं आपली मुलं दुसरीकडे जेवून यायची. कोणाचंच नुकसान नव्हतं.

छप्पन साली नवं राज्य झालं आणि मंडळही वाढलं. जबलपूर, सागर, रायपूर, भोपाळ करत करत चाराची अकरा कॉलेजं झाली. शिवाय पहिल्यांदाच मुलींची खो-खो ठेवायचं ठरलं. ते ऐकून दुर्गानं आमच्या अंगणात मला अशी मिठी मारली की माझ्या हातातली कळशी सांडली.

दुर्गा माझी मैत्रीण आणि आमच्या संघाची कप्तान. फौजेतल्या घराण्यातली, पण वडील महिपतराव सरकारी कचेरीत फायलींशी लढायचे. कचेरी भोपाळला गेली तसे तेही बिऱ्हाड घेऊन निघाले. दुर्गा हटून बसली. लहानपणापासून ती खो-खो खेळत होती, पण कोणाशी? आमच्या आमच्यातच दोन तुकड्या पाडायच्या आणि पळायचं. परक्या गावच्या मुलींशी एक सामना, बस, एवढंच तिला हवं होतं. शेवटी काकांनी मध्यस्थी केली. "माझ्या घरी राहील, शरयूसोबत. सामने झाले की मी स्वतः आणून सोडतो," म्हणाले. शरयू म्हणजे मी. महिपतराव कसेबसे कबूल झाले. त्यानंतर मात्र कॉलेज पुरे, स्थळं बघायची, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

वाढलेल्या मंडळाची पहिली बैठक आमच्या कॉलेजात भरली. पहिले सामने कुठे, असा प्रश्न निघाला. कोणीतरी शहाण्या माणसानं सुचवलं की आता संघ फार झाले, तेव्हा ज्यानं त्यानं आपापला खर्च करावा. काका ताडकन उठले. ग्वाल्हेरला आलेला पाहुणा स्वतःच्या पैशानं जेवला असं आजवर झालं नाही आणि माझ्या हयातीत होणार नाही, असं म्हणून त्यांनी सामनेही मागून घेतले. टाळ्या पडल्या. आता पाळी अकरा वर्षांनी यायची, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या डोक्यात आलंच नाही. घरी आले ते राजधानी परत आणल्यासारखे.

मग काका घरोघर फिरायला लागले. ज्या घरांत मुलं उतरायची त्यांतल्या निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं बदलीवर गेलेली. राहिलेल्यांनी हौसेनं होकार दिला, पण त्यात तीन संघसुद्धा मावेनात. बाकीच्यांसाठी जागा भाड्यानं घ्यायची, आचारी लावायचे. दाल बाजारातल्या शेठनी चहा पाजला आणि हात जोडले.

"प्रोफेसर साब, हमारे ग्राहक तो भोपाल चले गए. घी किसके भरोसे दें?"

तिकिटांचे पैसे येतील, अशी काकांची शेवटची भिस्त होती. पण लोक येणार हॉकीला. आमच्या खो-खोला पैसे देऊन कोण येतंय?

जानेवारीत प्रिन्सिपॉलसाहेबांनी काकांना बोलावून घेतलं. खेळांचा सगळा फंड घातला तरी पुरत नव्हता. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर दहाही कॉलेजांना कळवा की जेवणखाण ज्याचं त्यानं पाहावं, नाहीतर मुलींचे सामने रद्द करा. मुलींना वेगळी जागा, सोबत बाई, वर राखण, तेवढा खर्च वाचेल.

काका घरी येऊन सरळ लिहायला बसले. 'कळवण्यास खेद होतो की' एवढं लिहिलं आणि कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. काकू म्हणाली, "अहो, लिहून द्या. काही आभाळ नाही कोसळत. पोरगी यासाठीच मागे राहिली आहे ना?"

"भोपाळवाले काय म्हणतील? राजधानी गेली तशी ऐपतही गेली म्हणतील," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी ते मैदानावर आले. दुर्गा सूर मारायचा सराव करत होती, कोपरं सोललेली, पातळाला माती. काका टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"दुर्गा, बेटा, मुलींचे सामने पुढल्या वर्षी करून राहिलो आहोत. पक्कं."

दुर्गानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"पुढल्या वर्षी मी कुठे असेन, काका?"

ते म्हणाले, "मी महिपतरावांशी बोलतो." त्यांनाही ठाऊक होतं की महिपतराव दुसऱ्यांदा ऐकायचे नाहीत. दुर्गानं मान डोलावली आणि दोन्ही खांब उपटून खोलीत ठेवून आली. मला इतका राग आला होता की मी काकांशी दोन दिवस बोलले नाही. ती मात्र बोलत होती, त्यांना ताट वाढत होती. ते बघवत नसे.

मुलांचे सामने बघायला ती थांबली नाही. महिपतराव न्यायला आले, तो नेमका पाहुणे यायचा दिवस. स्टेशनवर एका बाजूला आम्ही गाडीची वाट बघत, दुसऱ्या बाजूला काका, कॉलेजचा बँड आणि हारांनी भरलेल्या दोन टोपल्या. जबलपूरची मुलं उतरली, बँड सुरू झाला. तेवढ्यात भोपाळची गाडीही लागली.

काकांनी आम्हाला पाहिलं. पाहुण्यांना तसंच सोडून ते पूल ओलांडून धावत आले, छाती नुसती भात्यासारखी चाललेली. हातात झेंडूचा एक हार होता. दुर्गा डब्यात चढली होती. त्यांनी खिडकीतून हार पुढे केला.

दुर्गानं हाराला हात लावला आणि हळूच तो त्यांच्याकडे सारला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "पाहुण्यांसाठी मोजून आणले असतील. एक कमी पडायचा."