दारामागचं माणूस

आधी टकटक तर करा, मित्रांनो! शंभरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याकडे असं एकदम घुसतात का? हं, आता या. मी एक जुना दरवाजा आहे. अस्सल सागवानी, बरं का! हल्लीच्या दारांसारखा पावसाळ्यात पापडासारखा फुगत नाही. थोडासा अडकतो, एवढंच.

माझा जन्म वसई गावातला. शंकर नावाच्या बागायतदाराने नवं घर बांधलं आणि सुताराकडून मला करून घेतलं. मला चौकटीत बसवलं त्या दिवशी त्याच्या बायकोने, सुभद्रेने, मला हळदकुंकू लावलं. सगळ्या आळीने कौतुक केलं. मी असा काही ताठलो, की दोन दिवस कडीच लागेना!

मग एके दिवशी डांबराचा डबा घेऊन एक कारकून आला. सरकारची खानेसुमारी होती. खानेसुमारी म्हणजे गावातली सगळी माणसं मोजायची. त्याने ब्रश बुडवला आणि माझ्या कपाळावर १४२ असा आकडा ओढला. एवढा छान रंधा मारलेला मी, आणि हे काय? मी रुसलोच. पण समोर पाहतो तर आळीतल्या सगळ्याच दारांची कपाळं काळी! मग जरा बरं वाटलं.

"घरात किती माणसं?" कारकुनाने विचारलं.

शंकर तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्यामागे उभ्या असलेल्या सुभद्रेने आतूनच उत्तर दिलं, "चार मानसं."

खरं तर होती पाच. पाचवी होती तान्ही ठकू. सुभद्रेने तिला पदराखाली घट्ट धरलं होतं आणि दुसरा हात माझ्यावर टेकला होता.  तिची आधीची दोन बाळं गेली होती हो. वेलीवरच्या कोवळ्या दुधीला बोट दाखवलं की तो कुजतो, तशी मोजलेली पोरं टिकत नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

त्या वर्षी गावाची लोकसंख्या दहा-अकरा हजार भरली म्हणे. 'अबब, केवढं मोठं गाव!' असं लोक म्हणाले. आज नालासोपाऱ्याच्या चार गल्ल्यांत तेवढी माणसं राहत असतील! पण त्या आकड्यात एक माणूस कमी आहे, हे गावात फक्त आमच्या घराला ठाऊक होतं.

ठकू जगली. चांगली धडधाकट झाली. "मोजली नाही म्हणून वाचली," असं सुभद्रा कौतुकाने सांगायची. पण भांडण झालं की ठकूचा भाऊ म्हणायचा, "तू गप्प बस गं. तुला कुठे कोणी मोजलंय?" मग ठकू माझ्यामागे येऊन रडायची. नाकसुद्धा मलाच पुसायची!

"अगं, तू वाचावीस म्हणूनच केलं ना गं बाय!" सुभद्रा समजावायची.

"माहितेय मला," ठकू हुंदके देत म्हणायची. "तरी पण."

ते 'तरी पण' माझ्या लाकडात अजून रुतून बसलंय.

पुढे ठकू सासरी गेली. माझ्यावर हिरवा, मग पिवळा, मग निळा रंग चढला आणि कपाळावरचा आकडा झाकून गेला. शेवटी ते घर पाडून तिथे इमारत उभी राहिली. मी भंगाराच्या ढिगात पडलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. पुढचं सांगत नाही.

तिथून मला जयवंतमामांनी उचललं. निर्मळ गावच्या वाडीतून फुलं आणि केळी टेम्पोने बाजारात नेणारे हे मामा. त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला मी लागलो. घरात मामा, लतिकामामी, अनुज आणि धाकटी हेमांगी. आणि मागच्या पावसाळ्यापासून उन्नती, मामांची भाची, चांदीप गावची. तिची आई वारली. बाबा कामासाठी सुरतेला गेले ते 'लवकरच न्यायला येतो' असं सांगून.

दिवाळीआधी मला रंग द्यायचा म्हणून उन्नती पॉलिशपेपरने घासत होती. घासता घासता माझा आकडा वर आला.

"अनुज, बघ ना, एकशे बेचाळीस! हे काय असेल?"

"दाराची एमआरपी," अनुज म्हणाला. "सगळ्या करांसहित."

उन्नती इतकी हसली, की पहिल्यांदाच त्या घरात तिचा आवाज मोठा झाला. आकड्यावर मात्र तिने रंग लावला नाही.

आणि मग परवा पुन्हा मोजणी आली. या वेळी डांबर नव्हतं. शाळेतल्या क्लेमेंटीन टीचर मोबाइल घेऊन आल्या होत्या.

"घरात किती माणसं राहतात?" त्यांनी विचारलं.

उन्नती पटकन माझ्यामागे सरकली. तिने माझ्यावर हात टेकला. मित्रांनो, अगदी सुभद्रेने टेकला होता तसाच! माझ्या बिजागऱ्या गार पडल्या.

"चार," मामा म्हणाले. मग जरा अडखळून म्हणाले, "भाची आहे एक. पण तिचे बाबा येतील न्यायला. ती पाहुणी आहे."

मामांच्या मनात वाईट नव्हतं. 'पाच' म्हटलं तर तिचे बाबा येणारच नाहीत असं होईल, ही त्यांची भीती. पण माझ्यावरचा हात हळूच खाली घसरला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी मामी आल्या.

"पाहुणी? कोण पाहुणी? पाहुणीला कोणी भांडी घासायला लावतं का? मी लावते. उशिरा उठली तर ओरडते. आज सकाळीच ओरडलेय, सगळ्या वाडीने ऐकलंय! पाहुणीवर ओरडतं का हो कोणी, टीचर?"

"नाही ओरडत," टीचर हसू दाबत म्हणाल्या.

"मग पाच लिहा. बाबा येतील तेव्हा येतील. आज ती माझ्या घरात आहे."

मामांनी मान खाली घातली आणि डोळे पुसले. "लिहा टीचर, पाच," ते म्हणाले.

"पाचवीचं नाव?"

 मामींनी पिठाच्या हाताने मला बाजूला ढकललं. "सांग गं, तुझं तूच सांग."

"उन्नती," ती म्हणाली. आधी हळू. मग खणखणीत, "उन्नती!"

टीचरनी जाताना मार्करने माझ्यावर नवा आकडा लिहिला, जुन्याच्या अगदी शेजारी. मी अजिबात रुसलो नाही. ठकू, पाहिलंस ना गं?

मित्रांनो, मला तेल द्या, रंग द्या, पावसात दोनदा ढकलावं लागलं तरी लाथ मारू नका. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. 'घरात किती माणसं?' असं कोणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी एकदा दारामागे बघून या.

तिथे कोणीतरी श्वास रोखून उभं असतं.