पट्टीखालच्या बांगड्या

पारनेरजवळच्या आमच्या कारखान्यातून एकच बाई तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी चीनला जाणार होती, आणि ती मीच, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं मी मोबाईलवर चिनी शिकले. शेजारच्या मशीनवरची निकिता माझ्याच वहीतून शिकली आणि आता माझ्याच बरोबरीनं निवडीच्या परीक्षेला बसणार! माझा नुसता जळफळाट होत होता.

कारखान्यातल्या नियमांच्या पाटीवर एक भारदस्त चिनी शब्द होता, त्सुनत्सोंग. नियम किंवा सल्ला मान देऊन पाळणं. घरात पोराला 'ऐक' म्हणताना तो कुणी वापरत नाही. मी तो शंभरदा लिहून काढला होता.

त्याच पाटीवर मशीनवर काम करताना बांगड्यांना मनाई होती. पण सवाष्णीनं हात मोकळे कसे ठेवायचे? आम्ही सगळ्याजणी बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळून वरून बाही ओढायचो. निकिता मात्र महिनाभर कपाटापाशी गुपचूप बांगड्या काढायची, काम सुटल्यावर परत घालायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम वाट वाकडी करून तिच्या सासूला, बनुबाईंना, हे सांगून आले. म्हातारी खवळेल, सुनेला घरात बसवेल, एवढीच माझी इच्छा.

दुसऱ्या दिवशी निकिता आली! परीक्षा घेणाऱ्या चिनी लिन साहेबांनी आधी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी घडाघडा सांगितला.

"छान. आता हात दाखवा."

बाही वर केली, तर पट्टी. माझं तोंड एवढंसं झालं.

निकिताचे हात मोकळे होते. ती मोडक्यातोडक्या चिनीत म्हणाली, "काल सासूबाईंनी मला पाटीचा अर्थ विचारला. मग स्वतःच्या हातानं माझ्या बांगड्या काढून देव्हाऱ्यात ठेवल्या. मला वाटतं, त्सुनत्सोंग हेच."

साहेबांनी तिचं नाव लिहिलं. तिला शब्द माझ्यापेक्षा निम्मे येत होते. संताप आला मला.

निवडीची बातमी ऐकून बनुबाई सुटीला फाटकाशी पेढे घेऊन उभ्या होत्या. पहिला पेढा त्यांनी माझ्याच हातावर ठेवला.

"रुपाली, तू सांगितलं म्हून कळलं बग. पोरगी बिचारी माज्या भ्यानं चोरून काढीत हुती. मी म्हनलं, नियम हाय तर घरूनच काढून जा. तुजे लई उपकार झाले, बाई."

मी पेढा तोंडात टाकला आणि बाही खाली ओढली.